बंद लखोट्यातलं नाव

१८६३मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. विधवांनी इथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावं, असं त्यांचं आवाहन होतं. नाव फुटलं, की बाईला जगणं अशक्य होतं, हे ते जाणून होते.

कायद्याला हे उमगायला शतक लागलं.

गर्भपाताच्या प्रश्नावर नेमलेल्या शांतिलाल शाह समितीच्या अहवालानंतर १९७१चा गर्भपात कायदा आला. त्याखालच्या नियमांत गुप्ततेची व्यवस्था बारकाईने लिहिली आहे. संमतिपत्र लखोट्यात सीलबंद करायचं, वर ‘गुप्त’ असा शेरा मारायचा. बाईचं नाव फक्त दाखल रजिस्टरात; केसपेपरवर आणि ऑपरेशन थिएटरच्या नोंदवहीत केवळ अनुक्रमांक. ते रजिस्टर संबंधित कॅलेंडर वर्ष संपल्यापासून पाच वर्षं जपायचं आणि कायदेशीर अधिकाराशिवाय कुणालाही दाखवायचं नाही.

२०२१च्या दुरुस्तीने नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास, पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना द्यायच्या खबरीत तिची ओळख देण्याची डॉक्टरवर सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केलं.

दवाखान्यात ही गुप्तता हक्काने मागा. ती कुणाची मेहेरबानी नाही, कायदा आहे.