मोतीची चेहरेपट्टी

गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्या गल्लीतल्या एका मुलाचा कुत्रा फटाक्यांना बिथरून जो पळाला, तो दुपारपर्यंत परतला नाही. मुलगा रडत माझ्याकडे आला. "गुरुजी, मोती हरवला." मी विचारले, "त्याची खूण काय?" तो म्हणाला, "तांबडा आहे, आणि माझा आहे." वाचकहो, तांबडी कुत्री छत्रपती संभाजीनगरात गल्लोगल्ली आहेत, आणि 'माझा' ही खूण दुसऱ्याला दिसत नाही.

जनावर ओळखावे कसे, हा प्रश्न या शहराला नवा नाही. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि पूर्वीच्या खडकीचे औरंगाबाद झाले. मोगल मनसबदाराचा पगार स्वारांच्या संख्येवर ठरे. म्हणून हजेरीच्या दिवशी उसने घोडे उभे करायचे, चांगल्या घोड्याजागी तट्टू दाखवायचे, अशी लबाडी चाले. तिला आळा घालण्यासाठी घोड्याला तापल्या लोखंडाचा डाग देत. अकबराने ही रीत पक्की केली. त्यापूर्वी देवगिरी लुटणाऱ्या अल्लाउद्दीन खिलजीनेही ती वापरली होती. स्वाराच्या आणि घोड्याच्या वर्णनाचे कागद होत, त्यांना 'अर्ज-ओ-चेहरा' म्हणत. औरंगजेबाच्या काळातील दख्खनचे असे कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत. घोडा त्यांत बारकाईने वर्णिला आहे खरा. पण घोड्याच्या मायेने नव्हे, खजिन्याच्या काळजीने.

पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. निसर्गाने अंगावर केलेली सही सरकारदरबारी मान्य झाली. गुरांच्या नाकाडावरील रेषाही अशाच ओळख पटवतात, असे अमेरिकेतील मिनेसोटाच्या पीटरसन यांनी १९२२ मध्ये मांडले. कुत्र्याच्या ओल्या नाकावरही तशीच नक्षी असते. आता शाईदेखील नको. मोबाइलवर नाकाचा जवळून फोटो घ्यावा, संगणक तो साठवलेल्या फोटोंशी ताडून पाहतो. डाग नाही, वेदना नाही.

अट मात्र मोगलाईतलीच आहे. जनावर समोर असतानाच नोंद व्हायला हवी. हरवल्यावर ताडायचे कशाशी?

संध्याकाळी मोती पाणचक्कीजवळ एका दुकानाच्या फळीखाली थरथरत बसलेला सापडला. दुकानदार म्हणाला, "हा तुझाच कशावरून?" मुलाने हाक मारली, शेपटी हलली. दुकानदाराने आणखी पुरावा मागितला नाही. पण हाक ऐकू येण्याइतका जवळ प्रत्येक मोती थोडाच सापडतो?

यंदा वसुबारसेलाच मुलगा मोतीला घेऊन आला. "गुरुजी, याच्या नाकाचा फोटो काढा ना." फोटो काढण्यापूर्वी तो स्वतःच वाकून कितीतरी वेळ ते नाक न्याहाळत होता.