दाट पेज आणि काउंट रम्फर्ड

ऊन पाणी आणि ऊन पिठलें एकाच वेळीं चुलीवरून उतरविलें, तर पाणी लवकर निवतें. पिठलें मात्र वरून गार लागलें तरी आंत जीभ पोळण्याइतकें तापलेलें असतें. गृहिणींस हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याचें कारण सांपडण्यास अठरावें शतक सरत यावें लागलें.

तें शोधणारा बेंजामिन थॉम्प्सन १७५३ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्‌स प्रांतीं जन्मला. क्रांतियुद्धांत त्यानें इंग्रजांची बाजू धरली, पुढें तो बव्हेरियाच्या अधिपतीच्या नोकरींत शिरला आणि १७९२ सालीं काउंट रम्फर्ड झाला. मनुष्य मोठा बुद्धिमान, आणि तितकाच गर्विष्ठ. १७९० च्या नववर्षदिनीं त्यानें म्युनिक शहरांतील भिकारी धरविले, त्यांस उद्योगगृहांत काम दिलें आणि सातू व वाटाणे यांचें दाट कढण खाऊं घातलें. इतक्या पोटांचें अन्न शिजवावयाचें म्हणजे सरपणाचा खर्च आला. उष्णता कोठें वाया जाते, हा त्याच्यापुढें केवळ पंडिती प्रश्न नव्हता.

एकदां तांदळाची दाट पेज तासभर तशीच ठेवून तो परतला. पहिला चमचा गार लागला. दुसऱ्यानें तोंड पोळलें. असें पुष्कळांचें पोळलें असेल! पुढें एका मोठ्या उष्णतामापकांतील मद्यार्क निवत असतां, उन्हांत चमकणारे धुळीचे कण मध्यभागीं वर चढतांना व कडेनें खालीं उतरतांना त्यानें पाहिले, आणि कोडें उलगडलें. तापलेला द्रव हलका होऊन वर जातो, निवालेला जड होऊन खालीं बसतो. या येरझारेनेंच उष्णता पसरते. पेजेचा चिकटपणा ही वाट अडवितो. शिजविलेलीं सफरचंदें पाण्यांत कालवून त्यानें याची खात्री केली. गोधडींतील ऊबही अशीच, तेथें कोंडली जाते ती हवा.

येथें थांबता तर बरें होतें. परंतु द्रवांतून कणाकणानें उष्णता मुळींच जात नाहीं, असें त्यानें १७९७ च्या सुमारास ठासून सांगितलें. तें खरें नव्हतें. एडिनबरोच्या मरे यांनीं बर्फाच्याच भांड्यांत द्रव ओतला, म्हणजे भांड्याच्या भिंतींतून ऊब उतरण्याची शंकाच नको, आणि वरून उष्णता दिली. तळाच्या उष्णतामापकांतील पारा हळूहळू चढला. पाणी उष्णता वाहतें, पण फार थोडी. रम्फर्डनें पाहिलेल्या त्या येरझारेस स्वतंत्र शास्त्रीय नांव विल्यम प्राउट यांनीं १८३४ सालीं दिलें. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला अभिसरण म्हणतात.