जुनी बाजारपेठ, नवा आराखडा आणि मधल्या काळातील बांधकाम परवानगी

चोंडी येथे ६ मे २०२५ रोजी झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुळजापूरच्या श्री तुळजाभवानी मंदिर विकास आराखड्यास १,८६५ कोटी रुपयांची मान्यता देण्यात आली. आकडा मोठा आहे, चर्चाही त्याचीच झाली. महाद्वाराभोवतालच्या गल्ल्यांतील व्यापाऱ्याचा प्रश्न मात्र लहान आणि अधिक निकडीचा असतो. दुकानावरचा गंजलेला पत्रा काढून स्लॅब टाकायचा झाल्यास आराखडा प्रत्यक्षात येईपर्यंत परवानगी मिळणार की थांबावे लागणार?

बालाघाटच्या उतारावर वसलेल्या या गावात मंदिर आणि बाजार यांच्यात सीमारेषा आखता येत नाही. खाली कुंकू, परड्या, कवड्यांच्या माळा, खण-नारळ व बांगड्यांची दुकाने. वर पुजाऱ्यांची घरे आणि यजमानांच्या उतरण्याच्या खोल्या. अशा दाट आणि जुन्या वस्तीत नव्या आराखड्याची चाहूल लागताच दोन गोष्टी घडतात. कोणी घाईने मजले चढवतो. कारण भूसंपादनात उभ्या इमारतीचा मोबदला मिळतो. कोणी दुरुस्तीवर पैसा घालणेच सोडून देतो. पहिल्यामुळे आराखडा महाग होतो, दुसऱ्यामुळे इमारती धोकादायक होतात. परवानग्यांना तात्पुरती स्थगिती देण्याची कल्पना पहिला धोका टाळण्यासाठी पुढे येते. दुसऱ्याचा विचार सहसा मागाहून होतो.

येथे एक गल्लत प्रथम दूर करावयास हवी. मंदिर विकास आराखडा आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील ‘विकास योजना’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. मंत्रिमंडळाची मान्यता ही प्रकल्प आणि त्याच्या निधीस असते. जमिनीचा वापर, रस्त्याची रुंदी, आरक्षणे हे सारे ठरते ते १९६६ च्या अधिनियमानुसार, आणि त्यासाठी इरादा जाहीर करणे, प्रारूप प्रसिद्ध करणे, हरकती ऐकणे आणि शासनाची मंजुरी हे टप्पे ओलांडावे लागतात. त्यामुळे केवळ चर्चेत असलेल्या आराखड्याकडे बोट दाखवून एखाद्याचा अर्ज फेटाळणे कायद्याच्या कसोटीवर टिकणे कठीण. अधिनियमाचे कलम ४६ नियोजन प्राधिकरणास प्रसिद्ध झालेल्या प्रारूप किंवा अंतिम योजनेचा विचार करण्यास सांगते. कपाटातील नकाशाचा नव्हे.

अर्ज दाबून ठेवणे हाही मार्ग नाही. कलम ४५ नुसार ६० दिवसांत निर्णय कळविला नाही, तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. अर्थात बांधकाम योजनेस व नियमांस धरून असेल तरच. नकारास कारणे द्यावी लागतात आणि त्याविरुद्ध ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते.

मग रीतसर स्थगिती कोणत्या वाटेने येते? एक वाट कलम १५४ ची. या कलमान्वये राज्य शासन नियोजन प्राधिकरणास निर्देश देऊ शकते. दुसरी नगररचना परियोजनेची. एखाद्या क्षेत्रासाठी अशी परियोजना करण्याचा इरादा राजपत्रात जाहीर झाला, की कलम ६९ चे निर्बंध लागू होतात आणि भूखंडांची नव्याने आखणी होणार असल्याने परवानगी देताना प्राधिकरणास त्या आखणीकडे पाहावे लागते. दुसरी वाट अधिक सरळ म्हणावी लागेल. तिच्यात हद्द जाहीर असते, टप्प्यांना मुदत असते आणि इरादा रद्द झाल्यास निर्बंधही संपतात. शासकीय निर्देशात मुदत लिहिली नाही, तर स्थगिती किती काळ चालेल हे कोणालाच सांगता येत नाही.

अर्ज दाखल झाला म्हणजे हक्क पदरात पडला, अशी अनेकांची समजूत असते. पुणे कँटोन्मेंट बोर्डाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ती खोडून काढली. नकाशा मंजूर होताना जे नियम अमलात असतील तेच लागू; अर्ज देतानाचे नव्हेत. हावडा महापालिकेच्या प्रकरणातही २००३ मध्ये हेच तत्त्व कायम राहिले. आधी मिळालेली परवानगीदेखील तयार होत असलेल्या योजनेच्या कारणास्तव कलम ५१ खाली मागे घेता येते. मात्र त्यासाठी संबंधितास म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, झालेल्या कामास हात लावता येत नाही, आणि खर्चाची भरपाई मागता येते.

स्थगितीचे सर्वांत बोलके उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजचे तटबंदीतील जुने शहर, म्हणजे तेथील मुख्य बाजारच, कोसळला. नगररचना परियोजना तयार होईपर्यंत त्या भागात पुनर्बांधणीस मनाई करण्यात आली. व्यापाऱ्यांना तात्पुरत्या जागांत दिवस काढावे लागले, रोषही मोठा होता. पण शेवटी रुंद रस्ते मिळाले आणि त्यांसाठीची जमीन कापताना सर्वांत लहान भूखंडांना वगळून मोठ्यांकडून अधिक हिस्सा घेण्यात आला. पुण्यात लोकमान्यनगरचा अनुभव वेगळा. त्या म्हाडा वसाहतीत सोसायट्यांनी सुरू केलेला स्वतंत्र पुनर्विकास एकत्रित पुनर्विकासाच्या कारणास्तव २०२५ मध्ये स्थगित झाला आणि रहिवाशांनीच विरोध केला. भुजमध्ये थांबण्याच्या बदल्यात काय मिळणार याचा नकाशा लोकांसमोर आला. लोकमान्यनगरात स्थगिती आधी आली. फरक एवढाच, पण निर्णायक.

स्थगितीच्या काळात दुकानदारास काहीच करता येत नाही असे मात्र नाही. इमारतीच्या अंतर्भागापुरती मर्यादित आणि बाह्य स्वरूपात मोठा बदल न करणारी देखभाल व सुधारणा यांस कलम ४३ च्या परंतुकाने परवानगीतून सूट दिली आहे. गळती काढणे, आतील गिलावा, फरशी ही कामे त्यात बसतात. भिंत पुढे सरकवणे किंवा मजला वाढवणे बसत नाही.

राहता राहिला भाडेकरू. परवानगीसाठी अर्ज करतो मालक, मोबदल्याची नोटीसही प्रथम त्याच्याच नावे निघते. गल्ल्यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या दुसराच बसलेला असतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत जमीन नसलेल्या, पण संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात काम करून उपजीविका करणाऱ्या भाडेकरू व कारागिरांचाही समावेश केला आहे. ती तीन वर्षे सिद्ध होतात भाडेपावत्या, दुकान नोंदणी आणि वीजबिले यांवरून. तोंडी करारावर चालणाऱ्या दुकानदारास ही कागदपत्रे जमवावयाची असतील, तर मोजणी सुरू होण्यापूर्वीचा काळच त्याच्या हाती असतो.