दंतवैद्यक महाविद्यालयाची निवड : प्रतिष्ठा, खर्च आणि अनुरूपता – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

व्यावसायिक शिक्षणाचा इतिहास बहुधा संस्था आणि कायदे यांच्या अंगाने लिहिला जातो. महाविद्यालय केव्हा स्थापन झाले, त्यास मान्यता कोणी दिली, न्यायालयाने कोणता निर्णय दिला याची नोंद होते. परंतु अनेक महाविद्यालयांतून एकाची निवड करणारा विद्यार्थी आणि त्याचा भार उचलणारे कुटुंब या इतिहासात क्वचितच आढळते. दंतवैद्यक शिक्षणाच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. प्रतिष्ठा, खर्च आणि अनुरूपता या तीन निकषांवर ही निवड होते. या निकषांचे परस्परसंबंध कसे बदलत गेले, याचा मागोवा महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निवडीपूर्वीचा काळ :

भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय डॉ. रफीउद्दिन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात सुरू केले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. अहमद यांनी त्यासाठी आपल्या आइस्क्रीम-सोडा विक्रीच्या दुकानाचे उत्पन्न खर्ची घातले. तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. शिकायचे तर कलकत्त्यास जाणे भाग होते. फातिमा जिना यांनी कलकत्त्यात शिक्षण घेऊन १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना उघडला, तो याच परिस्थितीत. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले.

दंतवैद्यकास व्यवसाय म्हणून कायद्याची चौकट लाभली ती १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने. या अधिनियमाने दंतवैद्यांच्या नोंदवहीचे दोन भाग केले. मान्यताप्राप्त पदवीधर 'अ' भागात, तर पदवीविना अनेक वर्षे व्यवसाय करीत असलेले 'ब' भागात नोंदले गेले. त्यामुळे प्रतिष्ठेचा पहिला अर्थ 'पदवी असणे' एवढाच होता. ती कोणत्या महाविद्यालयाची, हा प्रश्न दुय्यम होता.

पुढे नागपूर (१९६८) व औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर (१९८२), येथे शासकीय दंत महाविद्यालये झाली. या काळाचे वैशिष्ट्य असे, की शासकीय जागा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रतिष्ठित अशी दोन्ही होती. गुणवत्ता यादीत नाव आले की प्रतिष्ठा आणि परवडणे यांत तडजोड करावी लागत नसे. मात्र यादीबाहेर राहणाऱ्यांपुढे फारसे पर्यायही नव्हते.

खर्चाचा निकष :

खासगी दंतवैद्यक शिक्षणाची सुरुवात कर्नाटकातील मणिपाल येथे १९६५ मध्ये झाली. महाराष्ट्रात वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले आणि पर्याय वाढू लागले. पुण्यातील भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय १९८९ मध्ये सुरू झाले. आता प्रतिष्ठा आणि खर्च यांची फारकत झाली. ज्यास शासकीय जागा थोडक्यात हुकली, त्याच्यापुढे 'शिकावे की नाही' याऐवजी 'किती किमतीस शिकावे' हा प्रश्न उभा राहिला.

देणगीच्या नावाखाली होणाऱ्या वसुलीस आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८७ मध्ये कायदा केला. त्यानंतरचा इतिहास प्रामुख्याने न्यायालयात घडला. मोहिनी जैन प्रकरणात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदेशीर ठरविली. उन्नीकृष्णन प्रकरणात (१९९३) निम्म्या जागा गुणवत्तेवर अल्प शुल्कात आणि उर्वरित अधिक शुल्कात, अशी योजना दिली. टी.एम.ए. पै फाउंडेशन निकालाने (२००२) ती योजना रद्द करून संस्थांना वाजवी अधिक्याची मुभा दिली. नफेखोरी मात्र निषिद्ध ठेवली. इस्लामिक अकॅडमी निकालाने (२००३) शुल्क तपासणाऱ्या समित्या नेमण्यास सांगितले. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००५) या प्रकरणात विनाअनुदानित संस्थांवर शासकीय कोटा लादता येणार नाही, असा निर्णय झाला. राज्याने २०१५ मध्ये प्रवेश व शुल्क नियमनाचा स्वतंत्र अधिनियम केला. या सर्व निकालांचा केंद्रबिंदू शुल्क आणि जागा हाच होता. शिकण्याचा दर्जा न्यायालयासमोर आला तो शुल्काचे समर्थन म्हणून.

प्रतिष्ठेचे मोजमाप :

पूर्वी प्रतिष्ठा ऐकीव असे. ती महाविद्यालयाच्या वयावर आणि माजी विद्यार्थ्यांच्या नावावर अवलंबून असे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत २०२० पासून दंतवैद्यक हा स्वतंत्र गट आला आणि ऐकीव प्रतिष्ठेस क्रमांक मिळाला. या क्रमवारीच्या पाच मुख्य निकषांपैकी एक निकष जनमानसातील प्रतिमा हाच आहे, ही बाब लक्षणीय होय. म्हणजे प्रतिष्ठेमुळे क्रमांक आणि क्रमांकामुळे प्रतिष्ठा, असे चक्र काही अंशी निर्माण होते.

दुर्लक्षित निकष – अनुरूपता :

दंतवैद्यक ही हाताने शिकण्याची विद्या आहे. दाढ काढणे, दात भरणे, कवळी बसविणे ही कौशल्ये पुस्तकाने वा व्याख्यानाने येत नाहीत; त्यासाठी डेंटल चेअरवर रुग्ण असावा लागतो. जुन्या शहरी शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्ण आपोआप येतो. वस्तीपासून दूर उभ्या राहिलेल्या महाविद्यालयास तो शिबिरे घेऊन वा वाहनाची सोय करून आणावा लागतो. इमारत, ग्रंथालय आणि शुल्क समान असलेल्या दोन महाविद्यालयांतील पदवीधरांच्या हातात यामुळे मोठे अंतर पडू शकते.

अनुरूपतेची आणखी दोन अंगे आहेत. पहिले भाषेचे. शिक्षण इंग्रजीत आणि रुग्णाशी संवाद मराठीत वा तिच्या बोलींत, ही कसरत विद्यार्थ्यास रोज करावी लागते. दुसरे अंग इच्छेचे. एम.बी.बी.एस. आणि बी.डी.एस. यांचे प्रवेश एकाच परीक्षेच्या गुणांवर होत असल्याने अनेकांच्या वाट्यास दंतवैद्यक दुसरी पसंती म्हणून येते. अशा विद्यार्थ्यास प्रतिष्ठित महाविद्यालय मिळाले, तरी विषय अनुरूप असेलच असे नाही.

समारोप :

शंभर वर्षांच्या या वाटचालीत खर्चावर कायदे झाले आणि प्रतिष्ठेस क्रमांक मिळाले. अनुरूपतेची पारख मात्र कुटुंबाच्या अंदाजावर सोडली गेली. दंतवैद्यक शिक्षणाची नवी चौकट आखणाऱ्या २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग अधिनियमात खासगी संस्थांतील निम्म्या जागांच्या शुल्काबाबत मार्गदर्शक तत्त्वे, तसेच महाविद्यालयांच्या मानांकनासाठी स्वतंत्र मंडळ यांची तरतूद आहे. हे मानांकन करताना प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्यास येणारे रुग्ण आणि त्याने स्वतः केलेले उपचार यांची आकडेवारी प्रवेशापूर्वी जाहीर झाली, तर निवडीस खरा आधार मिळेल. अन्यथा कर्ज काढून वा जमीन विकून मुलीला दंतवैद्य करू पाहणारा पालक क्रमांक आणि शुल्क एवढ्यावरच निर्णय घेत राहील. त्या निर्णयातील उणिवेची किंमत त्या कुटुंबाबरोबरच उद्याच्या रुग्णालाही मोजावी लागेल.