यजमान कोण? : नोकियाचे इंटरनेट टॅब्लेट आणि यूएसबी जोडणीचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साधारणतः नव्या यंत्रांकडे जाते. दोन यंत्रांना जोडणाऱ्या केबलकडे ते क्वचितच वळते. प्रस्तुत लेखाचा विषय अशा दुर्लक्षित जागेवर बेतलेला आहे. नोकिया कंपनीने २००५ पासून हातात मावणारे 'इंटरनेट टॅब्लेट' बाजारात आणले. या टॅब्लेटना की-बोर्ड, माऊस, पेन ड्राइव्ह यांसारखी यूएसबी उपकरणे जोडण्याचे जे प्रयत्न पुढील पाच-सहा वर्षांत झाले, त्यांचा येथे मागोवा घेतला आहे. विषय वरकरणी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि विकत घेतलेल्या यंत्राने काय करावे आणि काय करू नये, हे ठरविण्याचा अधिकार ग्राहकाचा की निर्मात्याचा, हा आजही न मिटलेला वाद या केबलच्या निमित्ताने फार स्पष्टपणे पाहावयास मिळतो. या टॅब्लेटच्या बाबतीत अडचण मुख्यतः यंत्राच्या बुद्धीची नव्हती. ती विजेच्या हिशेबाची आणि निर्मात्याच्या निर्णयाची होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

यूएसबीची विषम रचना

यूएसबी हे मानक कॉम्पॅक, डिजिटल इक्विपमेंट, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांच्या सहकार्यातून तयार झाले व त्याची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. इंटेलमध्ये या कामात अग्रभागी असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत. प्रिंटरसाठी एक खोबण, माऊससाठी दुसरी, मोडेमसाठी तिसरी, या पसाऱ्याच्या जागी एकच जोडणी असावी, हा या मानकाचा उद्देश होता.

ही जोडणी मात्र समानांमधील नव्हती. एका बाजूस 'होस्ट' म्हणजे यजमान आणि दुसऱ्या बाजूस उपकरण, अशी पक्की विभागणी मानकातच होती. संभाषण सुरू करण्याचा अधिकार केवळ यजमानाचा. उपकरणाने विचारल्याशिवाय बोलावयाचे नाही. आपण की-बोर्डवरील कळ दाबतो तेव्हा की-बोर्ड संगणकास आपणहून काही कळवीत नाही. संगणकच ठरावीक अंतराने त्याची विचारपूस करीत असतो. या विषमतेमागे आर्थिक कारण होते. सारी गुंतागुंत यजमानाकडे ठेवली, तर माऊससारख्या स्वस्त वस्तूत अगदी साधी चिप पुरते.

दुसरी विषमता विजेची. मराठीत 'यजमान' हा शब्द पाहुण्यांचे स्वागत करणाऱ्यासाठी जसा वापरला जातो, तसा यज्ञाचा खर्च सोसणाऱ्यासाठीही वापरला जातो. यूएसबीच्या यजमानाला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. तोच ५ व्होल्ट दाबाची वीज पुरवितो आणि यूएसबी २.० नुसार प्रत्येक उपकरण त्याच्याकडून प्रथम १०० व परवानगीनंतर ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेऊ शकते. दोन यजमान चुकूनही एकमेकांस जोडले जाऊ नयेत, म्हणून केबलच्या दोन टोकांचे आकारच वेगळे ठेवण्यात आले : संगणकाकडील चपटे 'ए' टोक आणि उपकरणाकडील चौकोनी 'बी' टोक. सामाजिक उतरंड पोशाखावरून ओळखू यावी, त्यातलाच हा प्रकार.

टेबलावरील संगणक हाच एकमेव स्वामी असेपर्यंत ही व्यवस्था निर्वेध चालली. डिजिटल कॅमेरा, मोबाइल फोन, हातातील संगणक ही मधल्या दर्जाची यंत्रे आल्यावर मात्र तिला तडे गेले. कॅमेरा संगणकापुढे उपकरण असतो. पण प्रिंटरपुढे त्यास यजमान व्हावे लागते. यावर उपाय म्हणून डिसेंबर २००१ मध्ये 'ऑन-द-गो' हे पुरवणी मानक आले. त्यात लहान खोबणीच्या पाचव्या, 'आयडी' नावाच्या संपर्काला महत्त्व आले. 'ए' टोकात हा संपर्क भूमीशी जोडलेला असतो, 'बी' टोकात तो मोकळा असतो. त्यावरून यंत्राने आपली आरंभीची भूमिका ओळखावयाची आणि गरज पडल्यास ती नंतर बदलून घ्यावयाची. लहान बॅटरीचा विचार करून अशा यजमानाने किमान ८ मिलिअँपिअर प्रवाह पुरवावा, इतकीच अट ठेवण्यात आली. निर्मात्याने मात्र कोणती उपकरणे चालतील याची यादी जाहीर केली पाहिजे, असे बंधन होते. हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. यादी दिली की जबाबदारी आली.

नोकिया ७७०

२५ मे २००५ रोजी न्यूयॉर्क येथे नोकिया ७७० या टॅब्लेटची घोषणा झाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये तो विक्रीस आला. त्यात फोन नव्हता. ८०० गुणिले ४८० बिंदूंचा पडदा, ६४ मेगाबाइट स्मृती, वाय-फाय, ब्लूटूथ आणि किंमत सुमारे ३५० डॉलर. त्याचे वेगळेपण आज्ञावलीत होते. 'मेमो' ही त्याची प्रणाली डेबियन लिनक्स व ग्नोम यांच्या पायावर उभी होती. विकासकांनी त्यासाठी कार्यक्रम लिहावेत म्हणून ५०० यंत्रे ९९ युरो इतक्या सवलतीच्या दरात देण्याची योजनाही कंपनीने आखली. एका बाजूने कंपनी विकासकांना आमंत्रण देत होती; दुसऱ्या बाजूने यंत्राला होता तो मिनी-बी पोर्ट. याचा अर्थ असा की, हा टॅब्लेट घरच्या संगणकाला जोडावा, त्याचे मेमरी कार्ड संगणकावर डिस्क म्हणून दिसावे, एवढ्यापुरतीच यूएसबीची योजना होती. जगाच्या महाजालावर मुक्तपणे फिरणारे यंत्र केबल जोडताच आश्रित ठरत होते.

वस्तुतः त्यातील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप १७१० प्रोसेसरमध्ये दोन्ही भूमिका करू शकणारा यूएसबी नियंत्रक होता. लिनक्सच्या २.६ मालिकेत उपकरणाची भूमिका व ऑन-द-गो यांना लागणारी रचना डेव्हिड ब्राऊनेल यांच्यासारख्या विकासकांच्या कामातून सिद्ध झाली होती. टॅब्लेटमध्ये प्रणाली भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'फ्लॅशर' या कार्यक्रमात यजमान भूमिका चालू करण्याचा आदेशही उपलब्ध होता. म्हणजे क्षमता होती आणि आदेशही होता. ग्राहकाला दाखवावयाच्या यादीत तेवढा त्याचा समावेश नव्हता.

हौशी वापरकर्त्यांनी हा आदेश वापरला, तेव्हा दोन अडथळे समोर आले. पहिला केबलचा. यजमानाच्या बाजूस मिनी-बी आणि पलीकडे 'ए' आकाराची खोबण, अशी केबल मानकाला मान्यच नव्हती. त्यावर टॅब्लेटच्या नेहमीच्या केबलच्या टोकाला दोन्ही बाजूंनी 'ए' खोबण असलेला जोड बसविण्यात आला. दुसरा अडथळा विजेचा, आणि तो अधिक मूलगामी होता. ७७० आपल्या पोर्टमधून ५ व्होल्ट पुरवीतच नव्हता. आज्ञावली कितीही बदलली तरी तारेत वीज येत नाही. तेव्हा केबल कापून त्यातील विजेच्या तारांना बाहेरून पुरवठा जोडणे आले. येथे साधे अंकगणित उपयोगी पडले : १.५ व्होल्टचे चार सेल ६ व्होल्ट देतात, जे उपकरणास धोक्याचे. पण पुन्हा भारित होणारे १.२ व्होल्टचे चार सेल ४.८ व्होल्ट देतात, जे मानकाच्या मर्यादेत बसतात. खिशात मावणाऱ्या टॅब्लेटसोबत चार सेलची डबी बाळगण्याचा हा खटाटोप हास्यास्पद वाटेल. परंतु त्याने एक गोष्ट सिद्ध केली : टॅब्लेट की-बोर्डशी बोलू शकत होता.

निर्मात्याची बाजूही तपासणे न्याय्य ठरेल. ७७० ची बॅटरी १५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची, म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने सुमारे ५.५ वॉट-तासांची होती. एखाद्या उपकरणाने ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर घेतले, तर २.५ वॉट खर्च होतात. टॅब्लेटने स्वतःसाठी काहीच वापरले नाही, असे गृहीत धरले तरी बॅटरी जेमतेम सव्वादोन तास पुरेल, शिवाय ३.७ चे ५ व्होल्ट करताना काही ऊर्जा वाया जाते ती वेगळीच. अशा यंत्राने सर्व उपकरणांचे यजमानपद स्वीकारणे म्हणजे ऋण काढून सण करणे होते. हा युक्तिवाद खरा आहे. पण अपुरा आहे. की-बोर्ड किंवा साधा पेन ड्राइव्ह यांची भूक त्याहून पुष्कळ कमी असते, आणि स्वतंत्र वीजपुरवठा असलेला हब जोडल्यास तर टॅब्लेटवर भार जवळजवळ पडतच नाही.

एन८०० आणि एन८१०

जानेवारी २००७ मध्ये एन८०० आला. त्यात टीयूएसबी ६०१० ही स्वतंत्र यूएसबी चिप होती आणि ती ४८० मेगाबिट वेगाने दोन्ही भूमिका करू शकत होती. पोर्ट मात्र पुन्हा मिनी-बीच. त्यामुळे आयडी संपर्कावर न विसंबता, प्रशासकाचा अधिकार मिळवून प्रणालीतील एका लहानशा फाइलमध्ये 'होस्ट' हा एक शब्द लिहावा लागे. तो लिहिताच टॅब्लेटची भूमिका पालटे. सत्तांतर इतक्या संक्षेपाने क्वचितच घडते! पुढचे काम लिनक्सचे होते. निरनिराळ्या उपकरणांचे ड्रायव्हर त्यात आधीच लिहिलेले असल्याने, जे ड्रायव्हर कंपनीने टॅब्लेटमध्ये घातले नव्हते ते कर्नलच्या खुल्या स्रोतावरून स्वतः तयार करून घेता येत. बंद प्रणालीच्या समकालीन फोनवर हे शक्य नव्हते.

ऑक्टोबर २००७ मध्ये जाहीर झालेल्या एन८१० मध्ये सरकता की-बोर्ड आला आणि बाह्य की-बोर्डची निकड ओसरली. त्याच यंत्रात मायक्रो-एबी खोबण देऊन ऑन-द-गोची रीतसर सोय झाली, हा योगायोग थोडा खेदजनक आहे. शिवाय मायक्रो-ए टोकाच्या केबल बाजारात दुर्मीळ होत्या. म्हणून मायक्रो-बी टोकातील आयडी संपर्क भूमीशी जोडून काम भागविले जाई.

एन९००

२००९ च्या अखेरीस आलेला एन९०० हा मेमोवर चालणारा पहिला फोन. यजमान भूमिकेच्या दृष्टीने ते एक पाऊल मागे होते. अधिकृत सोय काढूनच टाकण्यात आली. २०१० मध्ये हौशी विकासकांच्या एका गटाने कर्नलमध्ये बदल करून ती परत मिळविली. भारणासाठी बसविलेली चिप उलट दिशेनेही काम करू शकते, बॅटरीतून ५ व्होल्ट निर्माण करू शकते, हे त्यांनी हेरले होते. सेलच्या डबीची गरज त्यामुळे संपली.

परंतु येथे खुलेपणाची सीमा उघड झाली. कर्नल खुला होता. बॅटरीवर देखरेख ठेवणारा 'बीएमई' हा कार्यक्रम मात्र बंदिस्त होता. भारण-चिपवर त्याचा ताबा असल्याने, तिला यजमानाच्या कामाला लावावयाचे तर तो कार्यक्रम थांबवावा लागे. दरवाजा खुला ठेवून वीज-मीटरच्या पेटीला कुलूप लावावे, तसे हे होते. नोकियाचा खुल्या प्रणालीचा प्रयोग अपयशी ठरला असे सरसकट म्हटले जाते. ७७० ते एन९०० हा प्रवास पाहता ते विधान मला एकांगी वाटते; प्रयोग अर्धवट होता, आणि त्याचा कोणता अर्धा भाग झाकलेला राहिला हे या केबलवरून नेमके कळते.

नंतरचा काळ

फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी सहकार्य जाहीर केले आणि या प्रणालीचे भवितव्य ठरून गेले. त्याच वर्षी मे महिन्यात अँड्रॉइडच्या ३.१ आवृत्तीत यजमान भूमिका अधिकृतपणे समाविष्ट झाली. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत विद्यार्थ्यांसाठी सादर झालेल्या 'आकाश' या स्वस्त टॅब्लेटला दोन यूएसबी पोर्ट होते; त्याच्या दुसऱ्या आवृत्तीची जबाबदारी पुढे पवईच्या आयआयटी मुंबईकडे आली. सहा वर्षांपूर्वी ज्यासाठी केबल कापावी लागत होती, ती सोय आता स्वस्तातल्या स्वस्त यंत्रात गृहीत धरली जाऊ लागली.

२०१४ मध्ये जाहीर झालेल्या टाइप-सी जोडणीने केबलची दोन्ही टोके सारखी करून टाकली. तिच्यात माहितीची भूमिका आणि विजेची भूमिका परस्परांपासून अलग करता येतात. बोलण्याचा अधिकार असलेला फोन वीज मात्र समोरच्या हबकडून घेऊ शकतो. टाइप-सीचे दोन फोन एकमेकांस जोडले, तर कोणी कोणाला भारित करावयाचे, हे बहुतेक वेळा पडद्यावरील सेटिंगमधून ग्राहकालाच ठरविता येते.