मधला पाइप

परवा भाचीचा फोन आला. "मामा, बायनरी सर्चचा प्रोग्रॅम चालू होतो, पण थांबतच नाही!" मला हसू आलं आणि २००३ चा उन्हाळा आठवला.

तेव्हा मी आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या घोड नदीकाठच्या गावाहून एसटीने जुन्नर तालुक्यात, नारायणगावला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचो. फी टोमॅटोच्या पट्टीतून भरलेली, त्यामुळे नापास व्हायची सोय नव्हती. क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध बघायचं. हवा तो आकडा मोठा असेल तर पुढचा अर्धा भाग धरायचा, लहान असेल तर मागचा. गोष्ट एवढीच. पण माझा प्रोग्रॅम टर्बो सीच्या काळ्या पडद्यावर अडकून बसायचा.

त्याच आठवड्यात नदीवरून येणारी आमची पाइपलाइन तुंबली. टोमॅटो माना टाकायला लागले. ६४ पाइप, सगळे जमिनीखाली! मी मोटरीच्या टोकापासून उकरायला निघालो. बाबा म्हणाले, "आधी मधला उघड." तिथे पाणी जोरात आलं, म्हणजे अडलंय पुढे. मी उरलेले पाइप पुन्हा त्या मधल्यापासूनच मोजायला लागलो. बाबा ओरडले, "तो मोकळा आहे ना? मग त्याच्या पुढून मोज की!" सहा खड्ड्यांत काम झालं. गाळाचा बोळा निघाला.

रात्री अंथरुणावर डोक्यात उजेड पडला. प्रोग्रॅममध्येही माझी हीच चूक होती. तपासलेली मधली जागा मी पुन्हा शोधात धरत होतो. 'मिड'च्या जागी 'मिड अधिक एक' लिहिलं आणि प्रोग्रॅम थांबला.

पुढे वाचनात आलं की यात अडखळणारा मी एकटा नव्हतो. जॉन मॉकली यांनी ही रीत १९४६ साली फिलाडेल्फियातल्या व्याख्यानांत मांडली. पण कितीही लांबीच्या यादीला चालेल अशी रीत छापून यायला १९६० उजाडलं. ती डी. एच. लेहमर यांची. जॉन बेंटली यांनी शंभराहून जास्त व्यावसायिक प्रोग्रॅमरना हेच लिहायला दिलं, दोन-एक तास देऊन. सुमारे ९० टक्के चुकले!

खरी गंमत २००६ सालची. जावा भाषेतला बायनरी सर्च लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच जाहीर केलं की त्यात नऊ वर्षं चूक दडून होती. मध्य काढायला दोन्ही टोकांचे क्रमांक मिळवून निम्मे करतात. यादी १०७ कोटींच्या वर गेली की ती बेरीज २१४ कोटींच्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण होऊ शकते. बेंटलींनी बरोबर असल्याचं सिद्ध करून छापलेल्या प्रोग्रॅममध्येही हीच चूक होती. उपाय साधा: दोन टोकांमधलं अंतर निम्मं करा आणि ते खालच्या टोकात मिळवा.

असो. भाचीला एवढंच विचारलं, "मधला पाइप बघून झाल्यावर पुढे कुठून मोजतेस?"

"कसला पाइप?"

मग तिला आजोबांची ही गोष्ट सांगितली. दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला, "थांबला!"

आज बाबा असते तर म्हणाले असते, त्यात काय एवढं.