अंगणात आलेली शाळा

शिक्षणसंस्थेची वाढ सामान्यतः इमारतींच्या संख्येवरून मोजली जाते. नूतन बालशिक्षण संघाची वाढ मात्र निराळ्या मापाने मोजावी लागते. शाळा आणि मुलाचे घर यांमधील अंतर या संस्थेने क्रमाक्रमाने कमी केले, हेच तिच्या इतिहासाचे सूत्र होय.

गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. मारिया मॉंटेसरी यांच्या विचारांना भारतीय रूप देण्याचा तो प्रयत्न होता. १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई मोडक राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली संघाची स्थापना झाली. पुढे १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार काढले. परंतु महागडी साधने आणि टापटिपीचे वर्ग शहरातील सुस्थित घरांनाच परवडत. खेड्यातील मुलाचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ तेथे ताराबाईंच्या सहकारी झाल्या. बालवाडी उघडली, तरी हरिजन वाड्यातील मुले तिच्याकडे फिरकेनात. पालकांना दोष देणे सोपे होते. या दोघींनी त्याऐवजी बालवाडीच वाड्यातील अंगणात नेली. मुलांना स्वच्छ करावे, गाणी म्हणावीत, गोष्टी सांगाव्यात, असा क्रम सुरू झाला. शंख-शिंपले, खडे, पाने आणि बिया हीच तिची साधने झाली. अंगणवाडी ती हीच.

१९५७ साली कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. तेथे अडचण निराळी होती. आईबाप मजुरीला जात; मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी थांबे आणि मुलगे गुरे राखीत. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. तान्हे मूल पाळण्यात निजले, की बहिणीचे हात पाटीसाठी मोकळे होत. गुराख्यांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. अनुताईंनी १९९२ साली देह ठेवीपर्यंत ही धुरा वाहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या गावोगावच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव आहे.

नाव सर्वत्र पोहोचले, ही धन्यतेची गोष्ट खरी. पण त्या नावामागे एक कर्तव्यही आहे. मूल शाळेत आले नाही, तर शाळेने उठून त्याच्या दारी जावे. ज्या केंद्राची वाट मुलाच्या अंगणापर्यंत पोहोचत नाही, त्याच्या दारावर अंगणवाडीची पाटी लागली, तरी बोर्डीचे काम तेथे अपुरेच राहिले म्हणावे लागेल.